परतीचा आहेर

सोलापूर,
९ फेब्रुवारी १९७५

चन्नू,

सुटलो रे बाबा! हे सगळ्यात आधी लिहितो, म्हणजे पाकीट फोडताना तू धरलेला दम सोडशील. फौजदार परत आला नाही. अकरा दिवस झाले. आपला तिसरा भागीदार नरसय्या, त्याच्या घरी नाही, माझ्या खोलीवर नाही आणि तुमच्या दुकानाकडे तर कोणी ढुंकून पाहिलेलं नाही.

तुझा पत्ता तुझ्या दाक्षायणीअक्काने दिला. मामाकडे दावणगेऱ्याला गेलास हे बरं केलंस की वाईट, ते मला कळत नाही. मला न सांगता गेलास हे वाईट केलंस. कॉलेजात तीन वर्षं एका बाकावर बसलो आपण.

त्या दिवशी तू नरसय्याकडे रेडिओला कान लावून बसला होतास. दुकानात काय झालं ते तुला गल्लीतल्या लोकांनी सांगितलं असेल, आणि भवानी पेठेतले लोक शिंकेची सर्दी करून सांगतात. मी तिथे होतो. टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसलो होतो. तेव्हा माझ्याकडून ऐक.

दुपारी अडीचच्या सुमाराला फौजदार आला, बरोबर दोन शिपाई. म्हणाला, ‘‘इथं क्रिकेटवर पैसे लावले जातात, अशी खबर आहे.’’ तुझ्या आप्पांनी चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाले, ‘‘हितं चादरी मिळत्यात सायेब. शिंगल हाय, डबल हाय. क्रिकेट न्हाय ठेवत आमी.’’ मला त्याही परिस्थितीत हसू येत होतं. पण शिपायाने गल्ल्याखालचा खण ओढला आणि माझं हसू पळालं. त्यात अक्काच्या लग्नाची आहेराची वही होती.

मागच्या वर्षी त्या लग्नात आहेर लिहायला तुम्ही मलाच बसवलं होतं, अक्षर वळणदार म्हणून. नाव, गाव, वस्तू, रोख. पंधरा-वीस पानं भरली आणि बाकीची वही कोरी राहिली. आपल्या तिघांकडे मॅचवर पैसे लावणाऱ्यांची नावं त्याच कोऱ्या पानांवर तशीच लिहायची, ही अक्कल माझी. तांब्या लिहिला तर भारत जिंकणार, फुलपात्र लिहिलं तर वेस्ट इंडिज, आणि चोळखण म्हणजे मॅच अनिर्णित. पोलिसांनी वही बघितली तरी त्यांना लग्नच दिसेल, असं मी छाती फुगवून सांगितलं होतं. तुम्ही दोघांनी माझी पाठ थोपटली होती. आता ती पाठ कोणीतरी सोलून काढावी.

फौजदार हुशार निघाला. एका पानावर बोट ठेवून म्हणाला, ‘‘गिरणी कामगार, सायकलवाला, पानवाला… एवढे सगळे तुमच्या मुलीच्या लग्नाला आले होते?’’ आप्पा उठून जवळ आले. पान बघितलं. म्हणाले, ‘‘व्हय. माज्या पोरीच्या लग्नाचा आहेर हाय ह्यो.’’

‘‘सगळा?’’

‘‘सगळा.’’

‘‘शपथेवर सांगाल?’’

आप्पांनी सदऱ्यात हात घातला, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि म्हणाले, ‘‘लिंगाशप्पथ सांगतो. ह्यो सगळा आहेर हाय.’’

फौजदाराने वही मिटून परत दिली. पायरी उतरताना नमस्कारसुद्धा केला. आप्पांचं नावच असं आहे पेठेत.

संध्याकाळी त्यांनी तुला ‘‘ही मानसं कोन?’’ म्हणून विचारलं, तू ‘‘रावजीला विचारा’’ म्हणालास आणि सकाळच्या गाडीने गेलास, एवढं मला तुझ्या आईकडून, अव्वाकडून कळलं. मला त्यांनी अजून काही विचारलेलं नाही. मीही काही बोललेलो नाही. त्यांना काही कळलेलं नाही, तू निश्चिंत राहा. एप्रिलमध्ये परीक्षा आहे. ये.

तुझाच,
रावजी


सोलापूर,
२५ मे १९७५

चन्नू,

तुझं कार्ड मिळालं. ‘मला पत्र लिहू नकोस’ एवढंच, आणि खाली सही, बँकेच्या चेकवर करावी तशी. पंधरा पैशांचं कार्ड आणि चार शब्द! तरी मी लिहिणारच. माझ्या अक्षराने तुझं घर बुडवायला निघालो होतो, त्याच अक्षराने तुला त्रास देत राहणार.

मी तुला खोटं लिहिलं होतं. आप्पांनी मला विचारलं होतं. तू गेलास त्याच दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं, वही पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, ‘‘ही मानसं कोन?’’ पाच मिनिटांत मी सगळं ओकलो. तांब्या, फुलपात्र, चोळखण, सगळं. नरसय्याच्या घरातली पैशांची डबी कुठे आहे तेही. तुला लिहिताना लाज वाटली म्हणून लपवलं. आता लिहून टाकलं, बरं वाटतंय.

आप्पा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, ‘‘लिंगावर हात ठिवून खोटं बोललो मी रावजी. आता ह्येचं काय करायचं?’’

तीन दिवस ते दुकानात बसले ते वही पुढ्यात घेऊनच. चौथ्या दिवशी मला म्हणाले, ‘‘आहेर कशाला म्हनत्यात?’’ मी म्हणालो, लग्नात देतात त्याला. म्हणाले, ‘‘न्हाय. द्यायला काय, भीक बी देत्यात. जो फिरून जातो त्येला आहेर म्हनत्यात. त्येंनी दिला, आपुन त्येंच्या कार्यात परत केला, म्हंजे त्यो आहेर. ह्या वहीतला एकेक मानूस धरायचा आन् लिव्हलंय ते परत करायचं. समदा फिरला की माजी शप्पथ खरी.’’

मला आधी वाटलं, म्हातारा माणूस मनाचं समाधान करून घेतोय. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नरसय्याकडची आपली पैशांची डबी मागवली, त्यात स्वतःचे घातले (परतीचा आहेर घेतल्यापेक्षा थोडा जास्त असावा, असं तुमच्यात म्हणतात म्हणे) आणि पितळेचे तांब्ये घरी आणून रचले. अव्वा डोक्याला हात लावून बसली. आणि शपथ खरी होईपर्यंत आप्पा कुठल्याही पंगतीला बसणार नाहीत. लग्नाला जातात, आहेर करतात, पाणी पितात आणि उठतात.

त्यांच्याबरोबर मी जातो. वहीतले अर्धे लोक फक्त मलाच माहीत आहेत ना! आणि त्यांनी मला ताकीद दिली आहे, ‘‘पोराला कळवू नगंस. आदी हू दे.’’ तो शब्द मी आता मोडला.

पहिला नंबर धुळाचा लागला, तो गिरणीत मागावर काम करतो तो. त्याने मुंबईच्या मॅचला भारतावर दहा रुपये लावले होते, आणि भारत हरल्यावर आपण ते खाल्ले होते. परवा त्याच्या पुतणीचं लग्न होतं. आप्पा धोतर-कोट घालून मांडवात गेले आणि नवरीच्या हातात तांब्या ठेवला. आहेर लिहिणाऱ्याने विचारलं, काय नातं? आप्पा म्हणाले, ‘‘आमच्या दाक्षायनीच्या लग्नात धुळानं केला हुता.’’ धुळाचं तोंड बघायला हवं होतंस! त्याने मला मांडवामागे ओढलं.

‘‘रावजी, ह्ये काय लफडं हाय? मी तर हारलो हुतो की!’’

‘‘हरला नाहीस. आहेर केला होतास.’’

‘‘आरं पर मी क्रिकेटवर…’’

‘‘धुळा, पुन्हा क्रिकेट म्हणालास तर तांब्या परत घेऊ.’’

त्याने तोंड मिटलं. आणि त्याची बायको बजाबाई, तिने काय करावं? आप्पांच्या पाया पडली आणि म्हणाली, ‘‘आता तुमच्या घरी कवा कार्य हाय सांगा मामा. आमाला बी फिरवायला पायजे की.’’ आप्पा पहिल्यांदा हसले, जानेवारीनंतर.

तू आला असतास तर तूही हसला असतास.

रावजी


सोलापूर,
२२ नोव्हेंबर १९७५

चन्नू,

‘आप्पा जेवतात का?’ एवढं एकच वाक्य लिहिलंस या वेळी. तेच वाचत मी पंचायत समितीच्या कचेरीत अर्धा तास बसलो. (हो, मी बी.ए. झालो आणि तिथे कारकून लागलो. अक्षर बघूनच घेतलं त्यांनी.)

जेवतात. घरी दोन वेळा जेवतात, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी, पूर्वीसारखं. फक्त पंगतीला नाही. परवा तुमच्या नात्यातल्या एका बारशात यजमानाने हात धरला तर म्हणाले, ‘‘पोट बरं न्हाय.’’ पोट चांगलं आहे त्यांचं, तू काळजी करू नकोस.

तुला खरी बातमी सांगायची म्हणजे, आणीबाणी आल्यापासून इथे आकडेवाल्यांची धरपकड चालू आहे. मटका घेणारे तिघे आत गेले, अजून सुटले नाहीत. एक तर आपल्याच वर्गातला होता, मागच्या बाकावर बसून झोपायचा तो. ती बातमी आली त्या दिवशी नरसय्या माझ्याकडे आला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. आपण जानेवारीतच बंद केलं नसतं तर आज तिघे एका कोठडीत असतो. तू गेलास म्हणून धंदा बंद पडला, म्हणजे एका अर्थी तूच आम्हाला वाचवलंस. हे मी तुला खूश करण्यासाठी लिहीत नाही. नरसय्या म्हणाला, लिही, म्हणून लिहितो. त्याने दोन माग घेतलेत आणि रेडिओ विकून टाकला.

दिवाळीत तरी येशील असं अव्वाला वाटलं होतं. तिने करंज्यांचा डबा तुझ्या नावाने वेगळा ठेवला होता. शेवटी मी खाल्ला. मी दारातून गेलो की ती अजून ‘ऊटा आतेन?’, जेवलास का, विचारते, आणि मी जेवून आलो असलो तरी नाही म्हणतो.

रावजी


सोलापूर,
१४ मे १९७७

चन्नू,

तुझं पत्र, आणि तेही चांगलं पानभर! तू तिथे गिरणीत हिशेबनीस झालास, मामांनी वेगळी खोली दिली, सगळं वाचून दाखवलं अव्वाला. शेवटची ओळ मात्र वाचली नाही. ‘आप्पांना माझं तोंड बघवेल का रे?’ ही ओळ. आप्पांना ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही. तू म्हणतोस, तूच त्यांना फसवलंस, तूच त्यांच्या देवाशी त्यांना खोटं बोलायला लावलंस, आणि असल्या पोराने उंबऱ्यात पाय ठेवू नये. चन्नू, वही माझी, अक्कल माझी, अक्षर माझं. वाटणीत मला एवढाच वाटा देतोस?

पण काम होत आलंय, हे ऐक. दोन वर्षं आप्पा आणि मी मिळून जेवढ्या लग्नांना गेलो तेवढी एखादा भटजीही लावत नसेल. मंद्रूपला गेलो, माझ्याच गावात, आणि माझ्या आईने मला आहेर करणाऱ्यांच्या रांगेत पाहून विचारलं, ‘‘तू कवापास्नं एवडा शाना झालास रं?’’ पानवाल्याच्या मुलीच्या लग्नात फुलपात्र दिलं. ज्यांच्या घरी लग्नच नाही त्यांना बारशात दिलं, वास्तुशांतीत दिलं. एकाने तर बैलजोडी घेतली, तिच्या पूजेत दिलं. आप्पा म्हणाले, कार्य हे कार्य.

आता अडलंय ते ईरप्पावर. भाड्याच्या सायकलींचा ईरप्पा. पन्नाशीला आलेला, सडा माणूस, बहीण नाही, भाची नाही, आणि सायकली सोडून कशाचंही बारसं करायला तयार नाही. बरं, याने काय लावलं होतं? मॅच अनिर्णित! वहीत माझ्या अक्षरात ठसठशीत लिहिलंय: ईरप्पा, चोळखण. आता बायको नाही त्या माणसाला चोळखण द्यायचा कुणाला?

मी म्हणालो, आप्पा, त्याला तांब्या देऊ. आप्पा म्हणाले, ‘‘लिव्हलंय चोळखन. तांब्या दिला तर परत खोटं.’’

मग ते रोज संध्याकाळी दुकान बंद करून ईरप्पाच्या सायकलींशेजारी स्टूल टाकून बसायला लागले. ईरप्पा वैतागला. मला म्हणाला, ‘‘तुज्या त्या आप्पाला सांग की, मागच्या साली नसबंदीवाल्यांपास्नं लपलो, आता ह्येंच्यापास्नं कुटं लपू?’’ आप्पा त्याचं लग्न जुळवायला निघालेत, चन्नू! वीरभद्रप्पा, चादरीचे व्यापारी, वय वर्षं बासष्ट, सायकलवाल्यासाठी मुली बघत हिंडताहेत. हसू नकोस. अव्वाही त्यात सामील झाली आहे.

रावजी


सोलापूर,
१९ फेब्रुवारी १९७८

चन्नू,

झालं! ईरप्पाचं लग्न झालं!

गंगम्मा म्हणून आहे, अक्कलकोट रस्त्याला राहते. नवरा वारून सहा वर्षं झाली, एक मुलगी आहे दहा वर्षांची. तुमच्या लिंगायतांत विधवेचं लग्न लागतं, हे किती बरं आहे! गेल्या दिवाळीत ती सायकल भाड्याने घ्यायला आली होती, भावासाठी. ईरप्पाने हवा कमी असलेली दिली. दुसऱ्या दिवशी ती भांडायला आली. आप्पा स्टुलावर होतेच. ते मला म्हणाले, ‘‘ह्यी बाई भांडती बरुबर. ईरप्पाला आसलंच पायजे.’’ तीन महिने कधी इकडे, कधी तिकडे चकरा मारून आप्पांनी जुळवलं. ईरप्पा शेवटपर्यंत ‘नको नको’ म्हणत होता आणि आठ दिवस आधी मात्र त्याने सगळ्या सायकलींना नवी रंगरंगोटी केली.

लग्न लहानसंच, पंचवीस-तीस माणसं. आप्पांनी मला आहेर लिहायला बसवलं. नवी वही, नवं पेन. आप्पा पुढे आले. खिशातून हिरवा इरकली खण काढला, गंगम्माच्या ओटीत घातला आणि मोठ्याने म्हणाले, ‘‘आमच्या दाक्षायनीच्या लग्नात ईरप्पानं केला हुता.’’ ईरप्पा खाली मान घालून उभा. मी लिहिलं: वीरभद्रप्पा, भवानी पेठ, चोळखण. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ‘भवानी’वर एक थेंब पडला. पुसायला गेलो तर ते पसरलं. तसंच ठेवलं.

परतताना मी म्हणालो, आप्पा, आता पंगतीला बसा. त्यांनी मान हलवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘‘उद्या वही घिऊन ये,’’ म्हणाले. जाळून टाकणार असतील. जाळू देत. मी सुटलो, आप्पा सुटले. आता तू सुट. ये.

तुझा,
रावजी


सोलापूर,
२१ फेब्रुवारी १९७८

चन्नू,

परवाचं पत्र तुला पोचायच्या आतच हे लिहितोय. दोन्ही एकदम मिळतील. आधी परवाचं वाच, मग हे.

काल वही घेऊन गेलो. आप्पा दुकानात एकटेच होते. त्यांनी वही उघडली, दोन-चार पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. ‘‘ह्ये राह्यलं की,’’ म्हणाले.

मला माहीत होतं तिथे काय आहे. तीन वर्षं मी तेवढं पान पटकन उलटत आलो होतो. त्या मॅचच्या पहिल्या दिवशी सकाळी तू मला सांगितलंस, माझं नाव लिही, भारतावर पाच रुपये. मी म्हणालो, येड्या, पैसे घेणारे आपणच, भारत जिंकला तर आपणच बुडणार आणि तू भारतावर लावतोस? तू म्हणालास, ‘‘लिही गप. इंडिया हरावी म्हणून रेडिओ ऐकू काय मी?’’ मी हसत हसत लिहिलं. चनबसप्पा, तांब्या.

मी आप्पांना म्हणालो, ‘‘हे कधी बघितलंत?’’

‘‘त्याच दिवशी. फौजदारानं ह्येच पान उगडलं हुतं.’’

मी त्याच टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसलो. ‘‘म्हणजे शपथ घ्यायच्या आधी?’’

‘‘तर! सख्ख्या भावाचं नाव बहिनीच्या आहेरात कुटं आसतंय व्हय? पान बघितलं आन् तवाच कळलं, ह्यो काय आहेर न्हाय. त्यात पोरगं आडकलंय, ह्ये बी कळलं.’’ त्यांनी वही मिटली. ‘‘मग हात आपसूक लिंगावर गेला. मला कोनी फशिवलं न्हाय रावजी. बापानं पोरासाठी खोटी शप्पथ घेतली, बगून-सवरून. आन् मग ती खरी करत बसलो.’’

चन्नू, ऐकलंस ना? तू त्यांना फसवलं नव्हतंस. तीन वर्षं तू तिकडे ज्या गोष्टीची शिक्षा भोगतोयस ती गोष्ट झालेलीच नाही. त्यांनी तुझं नाव वाचलं, आणि तुला वाचवायचं ठरवलं, आणि मग सदऱ्यात हात घातला. तोंड बघवेल का म्हणून विचारत होतास. माझ्यातला सगळा शहाणपणा एकत्र केला तरी याच्यापेक्षा चांगलं उत्तर मला लिहिता येणार नाही.

मी विचारलं, मग आधीच का नाही सांगितलंत? चन्नूला बोलावून का नाही घेतलंत? म्हणाले, ‘‘काय तोंडानं बोलावू? आदी शप्पथ खरी करून मग बोलावनार हुतो.’’ म्हणजे इकडे ते तुला तोंड दाखवायला लाजत होते आणि तिकडे तू त्यांना. तुमचं घर म्हणजे…! जाऊ दे. अव्वा आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि कन्नडमध्ये त्यांना इतकं बोलली की मला अर्धं कळलं नाही. कळलं तेवढंही पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता तुझा आहेर परत करायचा तर तुझं लग्न व्हायला हवं. आप्पा म्हणतात, ‘‘मी काय त्येच्या मागं लागत न्हाय. पर वही लागली की!’’ आणि ते एकटेच नाहीत. ज्यांना-ज्यांना आप्पांनी तांब्ये वाटले ते सगळे ‘आता तुमच्या घरचं कार्य कधी’ म्हणून रोज दुकानात डोकावताहेत. धुळा आणि बजाबाईने तर साडी घेऊन ठेवली आहे. ईरप्पा म्हणतो, मला लग्नात अडकवणाऱ्याच्या पोराला मी सोडणार नाही.

आज सकाळी आप्पा मला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. तांब्या त्यांनी अर्धा तास निवडला. एक ठोकून बघितला, एक उन्हात धरला, एकाचं तोंड लहान म्हणून नाकारला. शेवटी घेतला तो चांगला दणकट आहे. दुकानदार नाव घालायला बसला आणि आप्पा सांगत गेले तसं तो कोरत गेला. चि. चनबसप्पा यास विवाहप्रीत्यर्थ, वीरभद्रप्पा यांजकडून, ता.

दुकानदाराने छिन्नी उचलून विचारलं, ‘‘तारीख कुठली घालू?’’

आप्पा म्हणाले, ‘‘जागा सोड. पोरगं कळवंल.’’

तर कळव.

रावजी